हातभर अंतर

मुलाचं ठरत आलेलं लग्न मोडायला काय काय लागतं, याची मला पूर्वी नीटशी कल्पना नव्हती. मला वाटायचं, त्यासाठी भांडण लागतं, घराण्यात काही काळंबेरं लागतं, निदान मुलाचं एखादं जुनं प्रकरण तरी लागतं. प्रत्यक्षात एक हात पुरतो. माझ्या बाबतीत उजवा पुरला.

आमच्याकडे डाव्या हाताने कोणाला अभिवादन केलं, तर ते अभिवादन राहत नाही, शिवी होते. आणि आमच्या गाड्यांत चालवणारा डावीकडे बसतो, म्हणजे खिडकीशी नेमका तोच हात येतो. ज्याने ही व्यवस्था केली, त्याला रस्त्यात कोणी ओळखीचं भेटत नसावं. मला भेटतात. मी कुमासीच्या एका कॉलेजात कचेरीचा अधीक्षक आहे आणि अर्ध्या शहराचे दाखले माझ्या सहीने निघाले आहेत.

तर झालं असं, की आमच्या मुलाने, अंपोन्साने, पोकुआ नावाची मुलगी पसंत केली आणि मी एका रविवारी तिच्या घरी, माम्पोंगला, नुसता तोंड दाखवायला निघालो. पोकुआच्या आजी, नाना दुफी (नाना हा मान आमच्याकडे बाईलाही लागतो), रस्त्याच्या डाव्या बाजूला दारापुढे स्टुलावर बसल्या होत्या. चर्चहून आलेल्या, अंगावर पांढरंशुभ्र वस्त्र. मोठ्या माणसाला पाहून हात न हलवता पुढे जाणं माझ्या रक्तात नाही. डावा हात तर हलवता येत नाही. म्हणून मी उजवा हात छातीवरून आडवा नेऊन डाव्या खिडकीबाहेर काढला. आता हात गेला की खांदा जातो, खांदा गेला की सुकाणू वळतं, हे शास्त्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. गाडी रस्ता ओलांडून थेट आजींच्या दिशेने गेली आणि पुढचं चाक त्यांच्या पायाशी असलेल्या उघड्या गटारात उतरलं. ते गटार बिचारं वर्षभर कोणाच्या अध्यात ना मध्यात. ते उठलं आणि नाना दुफींच्या मांडीवर जाऊन बसलं.

आजी ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हा कोणाच्या घरचा?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"न्यामेचे मामांचा भाचेजावई," कोणीतरी सांगितलं.

"असं होय," आजी म्हणाल्या. "मग बरोबर आहे. बाजूला जागा सोडायची त्या घराला सवयच नाही."

न्यामेचे हे माझ्या बायकोच्या, सेर्वाच्या, मामांचं नाव. मामाला आम्ही वोफा म्हणतो, आणि आमच्याकडे बाप नावापुरता असतो, घर मामाच्या शब्दावर चालतं. वोफा तरुणपणी लाकडाचे ओंडके वाहणारी लॉरी चालवत. त्या काळी नाना दुफी माम्पोंगच्या बाजारात टोमॅटो विकायच्या. एके दिवशी वोफांची लॉरी त्यांच्या टोपलीला इतकी खेटून गेली, की संध्याकाळपर्यंत त्या वळणावर आयती चटणी होती. वोफा थांबले नाहीत. पुढे कित्येक वर्षं या विषयावर त्यांचं एकच म्हणणं होतं: "मी हातभर अंतर सोडलं होतं. टोमॅटो आपणहून आले." या वाक्यावर दोन घरांचं बोलणं बंद पडलं होतं. आणि मी, केवळ सभ्यपणामुळे, ते पुन्हा सुरू करून दिलं होतं.

आठवड्याभरात आजींचा निरोप आला. आजी स्वतः कधी निरोप देत नाहीत. त्यांचे एक पुतणे त्यांच्या वतीने बोलतात आणि बोलताना घसा साफ करतात.

"नाना म्हणतात," त्यांनी घसा साफ केला, "येत्या शनिवारी दार ठोठवायला या. पण नाना त्याच स्टुलावर बसतील. न्यामेचेला गाडीत बसवून नानांच्या समोरून हातभर अंतर राखून जायचं. अंतर राहिलं, तर पुढे जाऊन वळा, परत या, दार ठोठवा, मानाची दारूची बाटली द्या, मुलगी मागा. नाही राहिलं, तर वळू नका. तोच रस्ता पुढे एजुराला जातो. एजुरा चांगलं गाव आहे."

अंपोन्साचा अक्राहून फोन आला. पोरगा एरवी फार बोलत नाही. म्हणाला, "बाबा, टॅक्सी करा. मी तुमच्या पाया पडतो." मला वाईट वाटलं. ज्या मुलाला मी याच गाडीतून शाळेत सोडलं, त्याने असं बोलावं! अर्थात शाळेचं फाटकही एकदा मीच पाडलं होतं. पण ते अरुंद होतं.

"टॅक्सीने गेलो तर ती शरणागती होईल," मी सेर्वाला म्हणालो.

"अंपोन्साचे बाबा," ती शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली, "तुमची आजवरची कुठली गोष्ट शरणागती नव्हती?" ती गावभरचे कपडे शिवते, त्यामुळे तिच्या तोंडात बहुतेक वेळा टाचण्या असतात. त्या असतानाही ती हे बोलू शकते.

पण हातभर म्हणजे कोणाचा हात? हा प्रश्न मला पहिल्यांदा शेजारच्या फोसूंनी घातला. फोसू टपाल खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यांच्याकडे गाडी नाही, कधीच नव्हती, त्यामुळे गाडी चालवण्याबद्दल त्यांचे विचार अगदी स्वच्छ राहिले आहेत.

"तुमचा हात धरला तर आखूड पडेल," माझ्या हाताकडे पाहून ते म्हणाले. "म्हातारीचा धरला तर आणखी आखूड. पण ती मोजणार वोफांच्या हाताने. कारण खोटं त्यांच्या हाताचं आहे."

वोफांचा हात म्हणजे लॉरीवाल्याचा हात. तो मोजायला आम्ही त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्चीत बसून हात लांब केला, फोसूंनी बांबू धरला, मी खूण केली. वोफांना वाटलं कफनाचं माप घेताहेत. "अजून वेळ आहे रे," एवढंच म्हणाले.

फोसूंची कल्पना साधी होती. गाडीच्या पुढच्या बंपरला दोन्ही बाजूंनी वोफांच्या हाताएवढा बांबू आडवा बांधायचा. बांबू जिथे लागत नाही, तिथे अंतर आहे. जिथे लागतो, तिथे नाही. मांजर मिशांनी हेच करतं, असं फोसू म्हणाले. मला ते पटलं. जगात बुद्धी अशी साध्या वेषात हिंडत असते. आणि मूर्खपणाही तोच वेष घालतो, हे मला नंतर समजलं.

सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांबू आवळून मी सरावाला निघालो. असोक्वाच्या पहिल्याच गल्लीत उजव्या बांबूने केळी भाजणाऱ्या बाईची छत्री उचलली. ती परत द्यायला मी उलटा आलो, तर डाव्या बांबूने एका चर्चचा कापडी फलक ओढून घेतला. त्यावर सात दिवसांच्या उपासाचं आमंत्रण होतं. ते मला कळलं नाही. मी अर्धं शहर फिरून घरी आलो तेव्हा मागे तीन बायका गात येत होत्या. त्यांना परत पाठवताना मला प्रार्थना करावी लागली. फोसूंनी 'आमेन' म्हटलं.

दुसऱ्या दिवशी एका पोलिसाने बांबूकडे पाहून विचारलं, "याला परवानगी आहे?" मी कायद्याला मानणारा माणूस. सरळ परवाना कचेरीत गेलो.

तिथल्या कारकुनाने माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं. ऐकताना तो शेंगदाणे खात होता, पण ऐकत होता.

"बांबू हा गाडीचा भाग आहे की माल?" त्याने विचारलं.

"दोन्ही नाही. ते अंतर आहे."

"अंतर आमच्याकडे नोंदत नाहीत. भाग असेल तर गाडी रुंद झाली. म्हणजे नवी तपासणी, नवा नंबर, आणि तपासणारा माणूस रजेवर आहे. माल असेल तर बाहेर आलेल्या मालाचा नियम लागतो. टोकाला लाल फडकं बांधायचं. मोठं. लांबून दिसेल असं. की झालं."

"हे लिहून द्याल?"

"लिहून दिलं तर मी सांगितलं असं होईल," तो म्हणाला आणि त्याने मला दोन शेंगदाणे दिले.

नियम स्पष्ट होता. लाल फडकं. सेर्वा शुक्रवारीच बहिणीला घेऊन ट्रोट्रोने, म्हणजे आमच्याकडच्या वडाप गाडीने, माम्पोंगला पुढे गेली होती. गाडीत माणसं कमी असलेली बरी, असं म्हणाली. तिच्या शिवणाच्या खोलीत कातरणांचा ढीग होता. त्यातून मी चांगलं वावभर लाल कापड काढलं आणि उजव्या बांबूला बांधलं. डाव्यासाठी लाल उरलं नाही. फोसू म्हणाले, "काळं बांधा. काळं दिवसा उठून दिसतं." काळं रगड होतं. बॉनेटवर उरलेल्या लाल-काळ्या पट्ट्या त्यांनी आपल्या हौसेने बांधल्या.

आता तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही असांते जमातीचे ना? तुमच्या बायकोच्या खोलीत लाल आणि काळी कातरणं का साठतात, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही? शनिवारी, ज्या दिवशी सगळी कुमासी कोणा ना कोणाच्या अंत्यविधीला लाल-काळं नेसून निघते, त्या दिवशी लाल-काळ्या पट्ट्या लावलेल्या गाडीचा अर्थ काय होतो, हे तुम्हाला कळलं नाही? नाही कळलं. माणूस कायद्याच्या मागे लागला की त्याला कायदा सोडून काही दिसत नाही. फोसूंना का कळलं नाही, हे मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, त्यांना कळलं होतं, पण मी कोणाच्या तरी दुःखातही चाललो असेन, असं समजून त्यांनी खोलात विचारलं नाही.

शनिवारी सकाळी मी वोफांना घ्यायला गेलो. ते दार ठोठवायला निघाले होते, तेव्हा तयारी त्याला शोभेल अशीच होती. अंगावर ठेवणीतलं केंटे वस्त्र, बोटांत अंगठ्या, पायात काळ्या चपला. वाऱ्याने कान दुखतात म्हणून दोन्ही कानांत कापसाचे बोळे. त्यांची नजर अधू आहे, त्यामुळे गाडीचा साज त्यांना दिसला नाही. मागच्या सीटवर ते ताठ टेकून बसले, हात पोटावर ठेवले आणि आमची गाडी कोपऱ्यावरून वळायच्या आत त्यांना झोप लागली.

आणि मग माझ्या आयुष्यात एक अपूर्व गोष्ट घडली. लोकांनी मला बाजू दिली.

ज्या ट्रोट्रोवाल्यांनी आजवर माझे तीन आरसे नेले, ते मला पाहून कडेला सरले. मोटारसायकली थांबल्या. हातगाडीवाले गटाराच्या इतक्या काठावर गेले की मलाच काळजी वाटली. ट्रोट्रोतून बाहेर लोंबकळणारा, एरवी "बापू, गाडी घरी बांधून ठेवा!" असं ओरडणारा पोरगा डोक्यावरची टोपी काढून खाली बघत राहिला. माझ्या बांबूंना चहूकडून मोकळी हवा होती. मला भरून आलं. इतकी वर्षं मी या शहराला उगाच असंस्कृत समजत होतो. त्यांना फक्त कोणी अंतर दाखवायला हवं होतं.

ताफोपाशी पोलिसाने हात केला. मी बांबूंविषयीचा कायदा मनात जुळवला. पण त्याने खिडकीतून आत पाहिलं आणि टोपी काढली.

"दुए, साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "दुए." म्हणजे वाईट वाटलं. मला वाटलं, गाडीची अवस्था पाहून म्हणतोय.

"चालायचंच," मी म्हणालो. "वय झालं की असंच होतं."

त्याने मागे पाहिलं. "कोण हे?"

"बायकोचे मामा."

"वय?"

"ऐंशीच्या पुढे."

"चांगलं आयुष्य मिळालं."

"अजूनही तसं उत्तम चाललंय."

हे ऐकून तो गलबलला. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "असाच धीर धरा. कुठे नेताय?"

"माम्पोंगला. मुलगी मागायची आहे."

"त्यांची शेवटची इच्छा होती का?"

"छे, अजून नातवंडं बघायची आहेत म्हणतात."

पोलिसाने डोळे पुसले, शिट्टी फुंकली आणि चारही बाजूंची वाहतूक थांबवून आमची गाडी पुढे काढून दिली. मी आभाराचा हात हलवणार होतो. आवरला. अनुभवाने माणूस शहाणा होतो.

या दरम्यान काय चाललं होतं, ते मला नंतर समजलं. ताफोच्या चौकात सेर्वाची एक गिऱ्हाईक उभी होती. तिने गाडी ओळखली, मला ओळखलं, मागे कानांत कापूस घालून बसवलेले वोफा पाहिले आणि लगेच माम्पोंगला फोन लावला. सेर्वाने मला फोन केला. पुन्हा केला. पण गाडी चालवताना फोन बंद ठेवायचा, हे माझं तत्त्व आहे. तत्त्वांमुळे जगात किती रडारड झाली आहे, याचा कोणीतरी हिशेब मांडायला हवा.

माम्पोंगचा चढ संपला तसं मी मन एकाग्र केलं. आजींचं घर दिसलं. स्टूल दिसलं. स्टुलावर नाना दुफी दिसल्या. माझं लक्ष फक्त डाव्या बांबूवर होतं. गाडी डाव्या कडेला घेतली, वेग कमी केला, श्वास रोखला, दोन्ही हात सुकाणूवर. काळं फडकं आजींच्या गुडघ्यांसमोरून गेलं. बांबूच्या टोकात आणि त्यांच्या वस्त्रात थोडी जागा उरलीच. गटाराला धक्का नाही. मी देवाची शपथ घेऊन सांगतो, त्या रस्त्याने इतकं सुंदर अंतर आजवर कोणी राखलं नसेल.

आणि ते कोणीही पाहिलं नाही. सगळं घर, मिळेल ते लाल-काळं अंगावर घेऊन, रस्त्यावर हंबरडा फोडत होतं. माझी बायको जमिनीवर बसली होती. नाना दुफींचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी पुढे जाऊन वळलो, परत आलो, गाडी थांबवली. "पाहिलंत ना?" मी काच खाली करून विचारलं. रडणं चालूच राहिलं. मला राग आला, पण तेवढ्यात मला लाल आणि काळा हे दोन रंग एकत्र दिसले. आधी लोकांच्या अंगावर. मग माझ्या बॉनेटवर.

नाना दुफी उठून काठी टेकत मागच्या खिडकीशी आल्या. काचेवर कपाळ टेकवलं.

"न्यामेचे," त्या म्हणाल्या, "गेलास ना शेवटी? माझे टोमॅटो तुडवून गेलास आणि एकदा तोंडाने म्हणाला नाहीस, दुफी, चुकलं. मी एवढी वर्षं त्या स्टुलावर बसून वाट पाहिली रे. आज ना उद्या या रस्त्याने येईल, म्हणेल. मला टोमॅटो नको होते. तू थांबला नाहीस, ते लागलं."

गाडी थांबली की वोफांना जाग येते, ही लॉरीची जुनी सवय. ते कधीच जागे झाले होते. त्यांनी सावकाश एका कानातला बोळा काढला. मग दुसरा.

"दुफी," ते म्हणाले, "चुकलं."

नाना दुफींनी किंकाळी फोडली नाही. सेर्वाने फोडली. पुतण्यांनी घसा साफ करायला सुरुवात केली आणि तो त्यांना बराच वेळ झाला नाही. मी आधाराला उतरलो, तर वोफा स्वतःच दार उघडून उतरले, मला ढकलून पुढे झाले.

"मागे वळून पाहिलं होतं मी आरशात," ते म्हणाले. "तू टोपलीपाशी वाकली होतीस. ब्रेकवर पाय होता माझा. पण खाली उतरून तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत झाली नाही. हातभर अंतर नव्हतं, दुफी. वीतभरही नव्हतं. तुझी टोपली जवळून बघायची म्हणूनच मी त्या बाजूने गाडी घेतली होती."

"टोपली?" आजी म्हणाल्या.

"टोपलीच म्हण आता. भाच्या ऐकताहेत."

नाना दुफींनी वस्त्राच्या टोकाने तोंड पुसलं. रडल्याचं नाकारायची सोय राहिली नव्हती. सगळ्या गावाने पाहिलं होतं. त्यांनी ती सोय शोधलीही नाही. वोफांचा तो लांब हात धरला आणि पुतण्यांना म्हणाल्या, "आत खुर्च्या मांडा. पाणी आणा. लोक दार ठोठवायला आलेत आणि तुम्ही रडताय काय?"

मला गहिवरून आलं. तरीही मी पुतण्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, की अंतराची अट पुरी झाल्याची नोंद कोणी घेतली का. ते म्हणाले, अंतर कोणी पाहिलं नाही, पण जिवंत माणसासाठी रडणं अशुभ असतं, तेव्हा एक मेंढी लागेल, ती तुमच्याकडून.

मुलगी मागितली. मिळाली. अंपोन्साला फोन लावला तर तो रडत होता. त्यालाही आधीची बातमी पोचली होती. पोकुआने त्याला बरोबर बातमी सांगितली तेव्हा तो आणखी रडला.

संध्याकाळी निघताना सेर्वाने तोंडात टाचण्या नसतानाही टाचण्या असल्यासारखे ओठ आवळून सगळी फडकी सोडली, बांबू काढले आणि आजींच्या चुलीत घातले. आम्ही निघालो. चढ उतरून पहिल्याच वळणावर एका ट्रोट्रोने आमचा डावा आरसा नेला. बाहेर लोंबकळणारा पोरगा ओरडला, "बापू, गाडी घरी बांधून ठेवा!"

वोफा मागे जागे होते. खिडकीबाहेर, गेलेल्या आरशाच्या जागी पाहत होते आणि मजेत होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "मी खरंच गेलो की गाडीला काही बांधू नका हं."

"का, वोफा?"

"लोकांना वाटेल, दुफीकडे चाललोय."